पितळेच्या सहा पाट्या

२८ जून १९६०

इंजिने आली. लॉरी शेवटच्या उतारावर चिखलात रुतली, तेव्हा सारी वाडी खाली उतरली आणि वाशांना दोर बांधून एकेक खोके सोळा-सोळा खांद्यांवर घेऊन आली. वर्षभर एकमेकांशी न बोलणारी माणसे आज एकाच वाशाखाली होती. हे बघण्यासाठीच मी शाळेतली नोकरी सोडली. आठ वर्षे वाळूवर उभा राहून ओरडत होतो, की बाहेरच्या यांत्रिक होड्या आपल्या दारातली मासळी ओढून नेतात आणि आपण शिडात वारा भरायची वाट बघत बसतो. सोसायटी काढा, सरकारकडे हक्काने मागा! आज सहा होड्यांची सहा इंजिने सोसायटीच्या पडवीत ओळीने बसली आहेत.

खोकी आंतोनने उघडली. अकरा वर्षे मुंबईच्या गोदीत लाँचांची इंजिने दुरुस्त करून तो गेल्या साली गावी परतला. सोसायटीचा मिस्त्री म्हणून त्याला मीच बोलावले. खोके फोडले की आधी तो चिंधी घेऊन इंजिनाच्या छातीवरची पितळी पाटी पुसायचा, तिच्यावरचा नंबर मोठ्याने वाचायचा आणि आपल्या कापडी पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचा. तेलपाणी त्यानंतर.

मी म्हटले, "अरे, नंबर कुठे पळून जातोय का?"

"मास्तरांनू, नंबर आधी. नंबर सांगता ह्येका कोण होयो तो."

मग त्याने समजावले. इंजिने दोन कारखान्यांची आहेत. आकार एक, रंग एक, पण तीनने सुरू होणाऱ्या नंबराचे इंजिन दांडा पुढे लोटला की होडीला पुढे नेते आणि सातने सुरू होणारे मागे नेते. सुरू करायची रीतही वेगळी. आपले सहा ड्रायव्हर सरकारी वर्गात आठ महिने शिकून आले, पण तीन जण एका जातीच्या इंजिनावर शिकले, तीन दुसऱ्या. आंतोनच्या वहीत डाव्या बाजूला नंबर आणि उजवीकडे माणसाचे नाव. नंबर वाचायचा, बोट सरकवत जायचे, नाव सापडले की त्या माणसाला हाक मारायची. तो येऊन चाक फिरवून बघणार. बसला तर बसला, नाही तर उठून जाणार आणि दुसऱ्याला हाक.

माझा मेहुणा लवू, सत्यवतीचा धाकटा भाऊ, तीनवाला निघाला. त्याला हाक मारली तेव्हा तो धोतराला हात पुसत आला, इंजिनाचे चाक एकदा फिरवले आणि ओळखीचा माणूस भेटल्यासारखा हसला.

३ जुलै

वाडी म्हणजे वाडीच. तीन दिवस टिकली एकी.

भिकाजी तांडेल सकाळी सकाळी दारात. त्याच्या होडीला तीनचे इंजिन, पेद्रूच्या होडीला सातचे. पेद्रू आंतोनचा चुलतभाऊ.

"मास्तरांनू, तीनापेक्षा सात मोठो की नाय?"

मी म्हटले, "तो नंबर आहे, भिकाजी. ताकद दोन्हींची सारखी."

"सारखी तर मगे आंतोनान सात आपल्या भावाक कित्या दिल्यान? माका द्याचा. मी काय पाप केलंय?"

दुपारपर्यंत सगळ्या वाडीत हेच. सात म्हणजे सातपट. किरिस्तांवांना मोठी, आम्हांला धाकटी. संध्याकाळी विहिरीवर बायका हमरीतुमरीवर आल्या. पेद्रूच्या बायकोच्या, आपोलिनाच्या, घागरीत कोणी वाळू टाकली.

आंतोनने पेद्रूला सात दिले कारण पेद्रूच्या होडीचा ड्रायव्हर सातवर शिकलेला. हे मला कळते. पण कळून उपयोग काय? ज्या पाटीवरून माणसे एकमेकांच्या घागरीत वाळू टाकतात, ती पाटी खरी असली तरी विषारी आहे.

९ जुलै

आज मी आयुष्यातले सर्वांत चांगले भाषण केले. हे गर्वाने लिहीत नाही, खरे म्हणून लिहितो.

सोसायटीच्या पडवीत अडीचशे माणसे होती. बेचाळीस साली मी आडनाव टाकले तिथून सुरुवात केली. आडनाव ऐकून माणसाला पाटावर बसवायचे की अंगणात, हे ठरवणाऱ्या देशात मला ते नको होते. "माणसाच्या पाठीवरची पाटी पुसायला निघालेले आपण," मी म्हणालो, "यंत्राच्या छातीवरच्या परक्या पाटीसाठी भाऊबंदाच्या घागरीत वाळू टाकायची? दर्याला विचारा, तो होडीवर लाट टाकताना नंबर वाचतो का?" पडवी दणाणली. मी पाना मागवला आणि पहिली पाटी माझ्या हाताने काढली. बाकीच्या पाच लोकांनी काढल्या. भिकाजी आणि पेद्रूने मिळून एक काढली! सहाही इंजिने एका निळ्या रंगात रंगवायची, सर्वांवर सोसायटीचे एकच नाव घालायचे आणि कोणते इंजिन कोणत्या होडीला, कोणता ड्रायव्हर कोणत्या इंजिनाला, हे नारळी पौर्णिमेला देवासमोर आणि क्रुसासमोर चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, असा ठराव झाला.

आंतोन एकटाच उभा राहिला.

"मास्तरांनू, माणसाचा तुमी जाणा. इंजिनाचा मी जाणतंय. पाटी काढलात, आता वरसून सगळी सारखी. कोण खंयचा ता कळाचा कसा?"

भिकाजी मागून ओरडला, "तुझी वही पाद्रीन लिवन दिली काय रे?" त्याला मी तिथल्या तिथे गप्प केले. तेवढा न्याय मी केला.

"माका दोन दिस देवा," आंतोन म्हणाला. "एकेक फिरवन बघतंय आणि तळाक, कोणाक दिसाचा नाय थय, बारीक खूण करतंय."

मी म्हटले, "लपवलेली खूण उघड्या पाटीहून वाईट. लोकांपासून लपवून सोसायटी चालत नाही, आंतोन."

टाळ्या. तो खाली बसला. सभा संपल्यावर आम्ही सगळे धक्क्यावर गेलो आणि मी सहा पाट्या समुद्रात भिरकावल्या.

१० जुलै

सत्यवतीने विचारले, "आंतोनाक दोन दिस दिले आसते तर काय बिघाडला आसता?"

तिला तत्त्वाचा प्रश्न कसा समजावणार? दोन दिवसांचा प्रश्न नव्हता. मी तिला म्हटले, "उद्या कोणी म्हणेल, आंतोनने आत काहीतरी करून ठेवले. त्या आंतोनलाच मी वाचवले." असे मी बोललो, आणि बोलल्यावर मला ते पटले.

७ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. उपमंत्री आले होते. ढोल, नारळ, हार, फोटो.

चिठ्ठ्या निघाल्या. लवूच्या वाट्याला भिकाजीची होडी आली. तो इंजिनापाशी बसला, चाक फिरवले, पुन्हा फिरवले, आणि अडीचशे माणसांसमोर उठून म्हणाला, "भावजी, ह्या माझा न्हय."

उपमंत्री माझ्याकडे बघू लागले. मी लवूला जवळ बोलावले. बोलावले कसले, हाकच तशी मारली. म्हटले, "लवू, इथे कुणाचे काही माझे-तुझे नाही. यंत्र म्हणजे यंत्र. शिकलेल्या माणसाने हट्ट केला तर न शिकलेल्याने काय करायचे?" लोकांनी मान डोलावली. लवूचे कान लाल झाले. तो परत जाऊन बसला.

इंजिन सुरू व्हायला वेळ लागला. मग त्याने दांडा पुढे लोटला आणि होडी सरळ मागे, उपमंत्र्यांच्या अंगावर यावी तशी किनाऱ्याकडे आली! दाजी म्हातारा खच्चून ओरडला, "मास्तर म्हणत होते सोसायटी फुडे जाता, ही तर माघारी इली!" हशा. उपमंत्रीही हसले. मीही हसलो. हसायला नको होते असे आता वाटते. लवूचे तोंड मी पाहिले.

तीन होड्या अशा निघाल्या. तीन सरळ. म्हणजे सहांतली तीन माणसे आपापल्या इंजिनावर बसली, तीन परक्या. आंतोन दूर माडाला टेकून उभा होता. त्याचे ते नुसते उभे राहणे मला उद्धट वाटले.

२ सप्टेंबर

मासळी भरपूर. सुरमईचे असे दिवस वाडीने पाहिले नव्हते. वेंगुर्ल्याहून आणि देवगडहून भाषणांची बोलावणी आली आहेत. 'सहा यंत्रे, एक कुटुंब' हे माझे वाक्य तिकडेही पोचले आहे.

लवू आता चुकत नाही. विचारले तर म्हणतो, "भावजी, दर खेपेक आधी इचार करतंय आणि मगे हात हालयतंय."

"मग झाले तर!"

"झाला. पण हाताक ठावक आसा ता वेगळा. हातान शिकलेला हात इसरणा नाय. दर्या शांत आसा तवसर इचाराक येळ गावता."

मी त्याला सांगितले, की माणूस जुन्या सवयी मोडतो म्हणूनच तो माणूस. त्याने मान हलवली. मोठा गुणी आहे. सत्यवतीने त्याला थांबवून आंबोळ्या वाढल्या. त्याची बायको जानकी पण आली होती.

२१ सप्टेंबर

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण तिने मनस्ताप झाला.

लवू आणि गुरुदास, दोघे ड्रायव्हर, चोरून माझ्याकडे आले. गुरुदास सातवर शिकलेला, चिठ्ठीत त्याला तीनचे मिळाले. लवूचे उलटे. दोघांनी आपसात ठरवले, की होड्या बदलून घ्यायच्या. दोन्ही होड्यांचे तांडेल राजी आहेत. भिकाजीसुद्धा! भिकाजी म्हणे, "माका तीन-सात काय नको, माका जिवंत घराक आणी तो ड्रायव्हर होयो."

मी नाही म्हटले.

आज या दोघांना बदलू दिले तर उद्या सहाही बदलतील आणि परवा पुन्हा पेद्रूच्या घागरीत वाळू पडेल. चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. लवू माझा मेहुणा आहे म्हणून तर मुळीच नाही. लोक म्हणतील, मास्तराने घरच्या माणसासाठी नियम मोडला. बायकोच्या भावाला सूट देणारे पुढारी मी जन्मभर झोडपले.

लवू म्हणाला, "बरा, भावजी." इतकेच.

मनस्ताप का झाला तेच कळत नाही. निर्णय तर बरोबर आहे.

१६ ऑक्टोबर

भिकाजीची होडी फुटली. काळवत्रीच्या खडपावर. भिकाजी आणि दोघे पोहून आले. लवू नाही.

१७ ऑक्टोबर

नाही.

१८ ऑक्टोबर

सापडला. देवबागच्या वाळूत. सत्यवतीने त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि ती तो सोडेना. शेवटी बायकांनी तिची बोटे उलगडली.

वाडीत आकाशकंदील कोणी लावले नाहीत.

२१ ऑक्टोबर

भिकाजीला भेटलो. त्याला ताप आहे. तरी तो उठून बसला.

"दुपारची येळ. दर्या चांगलो होतो. खाडयेच्या तोंडाक इलो आणि एकाएकी वारो फिरलो. मोठी लाट. होडी खडपार लोटल्यान. मी ओरडलंय, लवू, मागे घे! मागे घे! त्येना दांडो मागे ओढल्यान, मास्तरांनू, दोनय हातांनी ओढल्यान. आणि होडी उडी मारून फुडे."

तो रडू लागला. "त्येना माझ्याकडे बघितल्यान. एकदाच. म्हणजे त्येका कळला होता."

मी घरी आलो. हवामान खात्याने वाऱ्याची सूचना आधी दिली असती तर? पाण्यातल्या खडकांचे ते खडप सुरुंग लावून फोडा असा अर्ज मी सत्तावन्न सालीच केला होता. सरकारने दोन्ही जातींवर प्रत्येकाला शिकवले असते तर? किती जणांचे हात यात आहेत, हे लिहायला घेतले तर वही पुरणार नाही.

सत्यवती ताट वाढते आणि मागीलदारी निघून जाते.

२४ ऑक्टोबर

आंतोन न बोलावता आला. "मास्तरांनू, पाच इंजिना उरली. माका आजची सकाळ देवा."

मी हो म्हटले. त्याच्याबरोबर गेलो. धक्क्याला पाच होड्या ओळीने. तो एकेकीत उतरायचा, डोळे मिटून चाक हाताने फिरवायचा, कान लावायचा. मग खिशातून पांढऱ्या रंगाची डबी काढून इंजिनाच्या डोक्यावर ठळक आकडा काढायचा. तीन. सात. सात. तीन. सात. वही उघडून नावे वाचली. गुरुदास पेद्रूच्या होडीत गेला, पेद्रूचा ड्रायव्हर दुसरीकडे. प्रत्येकाने चाक फिरवून पाहिले आणि मान हलवली. कुणाला मोठा आकडा, कुणाला लहान, ते आज कोणाच्या ध्यानातही आले नाही.

सूर्य माडांच्या वर यायच्या आत संपले.

एक सकाळ! त्याने तर जुलैत दोन दिवस मागितले होते.

मी त्याला म्हटले, "आंतोन, तू त्या वेळी आणखी जोर लावून बोलायला हवे होतेस."

तो डबीचे झाकण लावत होता. लावून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमच्या फुडे?"

३० ऑक्टोबर

शोकसभा. मी ठरवून गेलो होतो की आज सांगायचे. तीन वाक्ये होती. पाट्या मी काढायला लावल्या. आंतोनने सांगितले ते मी ऐकले नाही. लवू इंजिन बदलून मागत होता, मी नकार दिला.

उभा राहिलो. पाचशे माणसे, आजूबाजूच्या गावांचीही. पहिले वाक्य बोललो आणि पुढे एक पावसाळी शांतता पसरली. त्या शांततेची मला सवय आहे. ती आली की आतून काहीतरी उठते. मी म्हणालो, "बांधवांनो, या समाजात अपराध कबूल करणारा पुढारी तुम्ही पाहिला आहे का? आज पाहा!" मग मला थांबता आले नाही. लवूच्या बलिदानावर गेलो, यंत्रयुगाच्या वेदीवर गेलो, जुन्या जगातून नव्या जगात जाताना पहिली आहुती नेहमी सर्वांत निर्मळ माणसाची पडते, असे काहीतरी म्हणालो. बायका रडल्या. शेवटी, शोकसभेत, टाळ्या पडल्या. वेंगुर्ल्याचे एक गृहस्थ व्यासपीठावर येऊन मला मिठी मारून म्हणाले, "असे मन हवे!"

तिसरे वाक्य राहून गेले.

घरी सत्यवतीने पंधरा दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडले.

"टाळ्यो ऐकलंय मी."

मी म्हटले, "मी कबूल केले, सत्यवती. सगळ्यांसमोर."

"तुमी तुमचा सांगलात. लवूचा खंय सांगलात? त्येना बदलून मागल्यान होता ता?"

मी म्हटले, खात्याचे साहेब चौकशीला येणार आहेत, तेव्हा लेखी देईन. भाषणापेक्षा लेखी मोठे.

"लेखी देवा," ती म्हणाली. "माका भाषण नको."

१२ नोव्हेंबर

साहेब आले. शांत, चष्म्यातला माणूस. त्यांनी करारातले कलम वाचून दाखवले, की इंजिनावरची कारखान्याची पाटी अथवा क्रमांक सोसायटीने काढल्यास वा बदलल्यास सर्व इंजिने परत घेण्यात येतील. मग एवढेच म्हणाले, "भाषणातले मी ऐकले, पण ते वर जात नाही. काय घडले ते अध्यक्षांनी लिहून द्यावे. मी दुपारी येतो." आणि जेवायला गेले.

मी पाटी काढल्याचे लिहिलेला कागद खिशात होता. खरे लिहिले होते. या वेळी तिन्ही वाक्ये होती.

पंच माझ्याभोवती बसले. गुरुदासचा बाप, दाजी, पेद्रू, भिकाजी. कोणी हुकूम केला नाही, हात जोडले. पेद्रू म्हणाला, "मास्तरांनू, पाच होड्यो, तीस घरा. आमी सांगतलो खिळे पावसान गंजले आणि पाट्यो पडल्यो." दाजी म्हणाला, "लवू गेलो तो गेलो. त्येका आता कोण काय करतलो?" भिकाजी मात्र खाली मान घालून होता. त्याने शेवटी विचारले, "मगे होडी खडपार कशी गेली ता काय लिवतलास?"

त्याचे उत्तर एकच होते. पाट्यांचे सांगायचे नाही तर एकच उरते.

मी खूप विचार केला. माझी सत्यनिष्ठा मला प्रिय आहे, पण ती माझी एकट्याची वस्तू आहे. तीस घरांपुढे ती काय मोठी? स्वतःच्या मनाची शांती तीस चुलींवर तापवणारा माणूस मी नाही. ज्याच्याजवळ जे सर्वांत मोलाचे असेल ते त्याने लोकांसाठी वाहायचे असते. मी ते आज वाहिले. कागद फाडला, दुसरा लिहिला. त्यातले एक वाक्य इथे उतरवतो, कारण दुसरीकडे कुठे ते मी कधीच उच्चारणार नाही: 'सदर अपघात चालकाने ऐन वेळी दांडा चुकीच्या दिशेस ओढल्यामुळे, म्हणजेच चालकाच्या अनवधानामुळे घडला.'

यातला पहिला अर्धा भाग तर खराच आहे.

आंतोनची सही साक्षीदार म्हणून हवी होती. त्याने वाचले. म्हणाला, "माझ्या वहीत ह्या नाय," आणि गेला. सही पेद्रूने केली.

घरी आलो. सत्यवती उंबऱ्यात उभी.

"खरा लिवलात मा?"

मी मान हलवली. खाली की आडवी, ते मला स्वतःलाही सांगता येणार नाही. तिने खाली असे धरले. आत गेली आणि तांदूळ धुवायला बसली. लवू गेल्यापासून आज पहिल्यांदा तिने मला विचारून भाजी केली.

९ डिसेंबर

कणकवलीच्या कॉलेजच्या मुलांपुढे बोलायला गेलो होतो. विषय 'सहकार आणि सत्य.' उभा राहिलो, पाणी प्यालो, खाली बसलो. घसा बसला असे सांगितले. सगळ्यांना ते पटले.

मला भीती वाटते ती बोलता न येण्याची नाही. त्या शांततेत माझ्या आत काहीच उठले नाही, त्याची आहे.

२० डिसेंबर

लवूच्या पाठचा भाऊ परशुराम, वय बावीस, त्याचा सरकारी ड्रायव्हर-वर्गाचा अर्ज जानकीच्या नावाने मीच लिहून पाठवला. जानकीची तशी इच्छा होती. "ह्येंच्या जागेर घरातलो कोणतरी इंजिनार बसाक होयो," म्हणाली. मी शिफारस लिहिली, चांगली दोन पाने. लिहिताना बरे वाटले. काही तरी भरून निघेल.

सत्यवती रोज संध्याकाळी जानकीकडे जाते. आता तीच मला सांगते, आज जानकी जेवली, आज जानकी हसली. तिच्या बोलण्यात पुन्हा 'तुमी' येऊ लागले आहे. मी या घरात परत आलो आहे. बाहेर बाकी सगळे जाऊ दे, एवढे एक उरले तरी मला जगता येईल.

१९ जानेवारी १९६१

दुपारी जानकी आली. हातात खाकी पाकीट. वाडीतली सगळी पत्रे माझ्याकडेच येतात वाचायला, तसे तेही आले.

"परशाचा आसतला," ती म्हणाली. "वाचा, भावजी. मी सकाळधरना हातात घेवन बसलंय."

मी आधी मनात वाचले. 'आपल्या सोसायटीच्या अध्यक्षांनी सादर केलेल्या अहवालानुसार दि. १६ ऑक्टोबर रोजीचा अपघात आपले पती यांच्या अनवधानामुळे घडल्याचे निष्पन्न झाले असल्याने, त्याच कुटुंबातील व्यक्तीस चालकवर्गात प्रवेश देणे इष्ट वाटत नाही.' माझेच शब्द होते. एकही बदलला नव्हता.

मग मोठ्याने वाचले. म्हटले, "'यंदाच्या सर्व जागा भरल्या असल्यामुळे आपला अर्ज स्वीकारता येत नाही, याबद्दल खेद वाटतो.'" आवाज कुठेही अडखळला नाही. इतकी वर्षे कमावलेला आवाज.

"इतक्याच?" तिने विचारले. "ओळी जास्त दिसतत."

"बाकी नेहमीचे. सही, शिक्का, जावक क्रमांक."

तिने कागद माझ्या हातून घेतला. मग म्हणाली, "फुडल्या वर्साक घेतीत?"

"मी लिहितो त्यांना."

"तुमी आसात म्हणान आमका काय तरी कळता. नायतर आमी आंधळीच."

तिने पत्राची घडी घातली. मी हात पुढे केला. म्हटले, "ठेव इथे. उत्तर लिहायला लागेल."

"मगे आणून देतंय. ह्येंचे सगळे कागद वन्सांच्या पेटयेत आसत, थयच ठेवतंय. वन्स म्हणत होती, चिठी इली की आधी माका दाखय." आणि ती मागीलदारी गेली.

मागीलदारी सत्यवती सुके बांगडे उलटत बसली आहे.

सत्यवतीला वाचता येते. लग्नाच्या पहिल्या वर्षी, रोज दिवेलागणीला पाटी-पेन्सिल घेऊन, मीच शिकवले तिला. बायकोला शिकवल्याशिवाय दुसऱ्यांना शिकवायचा अधिकार नाही, असे मी तेव्हा म्हणत असे. ती सावकाश वाचते, एकेका अक्षरावर बोट ठेवून, पण अर्धवट सोडत नाही.

जानकीला जाऊन अर्धी घटका झाली असेल. जानकीचे बोलणे मघाशी ऐकू येत होते. आता तेही थांबले आहे. मी उठायला हवे. मी हे लिहीत बसलो आहे.